घोडा स्वतःचा की सरकारी

आमच्या 'शिलेदार विद्यावर्धक निधी'च्या अर्जात सातवा रकाना घोड्याचा आहे. 'पूर्वजाचा घोडा : स्वतःचा / सरकारी. नको ते खोडावे.' त्याच्या खाली बारीक अक्षरात, 'घोड्याचे नाव ठाऊक असल्यास लिहावे.' बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मी या निधीच्या कार्यकारिणीवर अकरा वर्षं आहे. मला हसू येणं केव्हाच बंद झालं.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर. पुढे घोडदळ मोडलं, घोडे गेले, तबेल्यांच्या जागी लग्नाची कार्यालयं झाली. आता आमच्या पोरांकडे स्कूटर असतात आणि त्याही हप्त्यावर घेतलेल्या. पण शिलेदार कोण आणि बारगीर कोण, हे मात्र आमच्यात अजून कोणी विसरलेलं नाही. निधी फक्त शिलेदारांच्या वंशजांना उच्च शिक्षणासाठी मदत करतो. बारगिराच्या नातवंडाला शिकायचं असेल तर त्यानं बँकेत जावं, असं आमचे अध्यक्ष फत्तेसिंगराव उघड म्हणतात.

मी नर्मदाबाई. सरस्वतीपुरमला राहते, छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. कार्यकारिणीवर मी 'महिला प्रतिनिधी' आहे, म्हणजे बैठकीला उपमा आणि गोडाला केसरीबात मागवते. अक्षर बरं आहे म्हणून इतिवृत्तही मलाच लिहायला लावतात. मत कोणी विचारत नाही. न विचारता दिलं तर फत्तेसिंगराव "हौदु, हौदु" म्हणून मान डोलावतात आणि पुढचा विषय घेतात.

गेल्या वर्षी ऑगस्टात सुष्मा माझ्याकडे आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. हूटगळ्ळीला घर, वडील एका कारखान्याची बस चालवतात. ती सहा वर्षं एका खाजगी इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स. तिनं एम.एस्सी. नर्सिंगची प्रवेशपरीक्षा दिली होती, नंबर चांगला आला होता आणि जागाही मिळाली होती. महिनाअखेरीला पहिल्या वर्षाची फी भरायची, एक लाख चाळीस हजार. नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

"मिस, फॉर्म कसा भरायचा तेवढं सांगा," ती म्हणाली. "बाकीचे सगळे ऑप्शन बघून झाले."

मी आधी तिला विचारलं, की चालू नोकरी सोडून आता शिकायचं कशाला. मग तिनं एका पेशंटचं सांगितलं. पन्नाशीचा माणूस, दुपारची वेळ. यंत्रावरचे आकडे अजून ठीक होते, पण त्याचा श्वास तिला ठीक वाटत नव्हता. तिनं डॉक्टरला तीनदा बोलावलं. डॉक्टर म्हणाला, "आकडे बघ, घाबरतेस काय?" चार वाजता तो माणूस गेला.

"मला कळत होतं मिस, पण का कळतंय ते सांगायला येत नव्हतं. शब्दच नव्हते माझ्याकडं. मला ते शिकायचंय."

मी तिचा अर्ज पुढे ओढला आणि तिला बाकीच्या ऑप्शनांची हकिगत सांगायला लावली.

पहिल्यांदा ती बँकेत गेली होती. साहेबानं कागद पाहिले आणि म्हणाला, नोकरी सोडणाऱ्याला कर्ज देणं जोखमीचं, घर तारण ठेवा. हूटगळ्ळीच्या घराचा खाता, सरकारी दप्तरातली मालकीची नोंद, अजून झालेला नाही, म्हणजे बँकेच्या दृष्टीनं ते घर हवेत आहे. मग साहेबानं खालच्या ड्रॉवरमधून आपल्या आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि ऑपरेशन करावं की नाही ते विचारलं. सुष्मानं वीस मिनिटं समजावून सांगितलं. साहेब फार खूश झाला आणि तारणाशिवाय काही होणार नाही असं पुन्हा एकदा सांगितलं.

मग तिच्या इस्पितळाची योजना. निम्मी फी इस्पितळ देणार, त्याबदल्यात पाच वर्षांचा बाँड आणि तोवर सगळी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. शिवाय शिकताना शनिवार-रविवार ड्युटी. वाणी नावाची तिची एक मैत्रीण या योजनेतून शिकली. तिला शिकून तीन वर्षं झाली, अजून आपली डिग्री डोळ्यांनी पाहायला ती कपाटाची किल्ली मागते.

सरकारी शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ तीन दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं आणि म्हणालं की तुमच्या घराचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे. किती जास्त? अकराशे रुपये. सुष्माचा रात्रपाळीचा भत्ता मिळवला की हे कुटुंब श्रीमंत होतं. सायबर सेंटरवाल्यानं हळहळ व्यक्त केली, पन्नास रुपये घेतले, आणि बाही वर करून हातावरचं पुरळ कशाचं ते विचारलं.

गोकुलमला योग शिकायला आलेल्या एका परदेशी माणसाचा घोटा मुरगळला होता, सुष्मा त्याला पट्टी बांधायला जायची. तो म्हणाला, इंटरनेटवर लोकांकडून वर्गणी काढू, मी व्हिडिओ करतो. केलाही. पण बघून म्हणाला, तू फार धडधाकट दिसतेस, जरा रडवेली हो, वडील आजारी आहेत असं सांगू. वडील बाजूलाच उभे होते, त्यांनी ऐकलं आणि तिला स्कूटरवर बसवून घरी नेलं.

जिथं जिथं या मुलीनं आपला अर्ज दिला, तिथं तिथं लोकांनी तिला आपलं दुखणं दिलं. आणि कहर म्हणजे आमचा निधी. फत्तेसिंगरावांना मधुमेह आहे आणि सुईची भीती आहे. दोन वर्षं रोज सकाळी सात वाजता सुष्मा हूटगळ्ळीहून स्कूटरनं येऊन त्यांना इन्सुलिन टोचते. आमचे खजिनदार येसाजीराव, निवृत्त बँक मॅनेजर, त्यांच्या पायाला जखम आहे, ती सुष्मा दर तीन दिवसांनी धुऊन बांधते. दोघांकडूनही आजवर एक पैसा घेतलेला नाही, कारण ती 'घरचीच पोर'. हे घर नेमकं कुठून कुठपर्यंत असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही अर्ज भरू लागलो. सहा रकाने पटापट झाले. सातव्यापाशी सुष्माचं पेन थांबलं.

"मिस, आमच्या खापरपणज्याकडं घोडा नव्हता," ती म्हणाली. "ते सालोत्री होते. घोड्यांची दुखणी बघायचे, जखमा बांधायचे. अज्जा सांगायचा, माणसांच्या पण बांधायचे."

"मग 'स्वतःचा' ठेव, 'सरकारी' खोड. कोण बघायला गेलंय?"

"खोटं कसं लिहू मिस?"

छत्तीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं. त्याची फळं अशी अवेळी समोर येतात. तिनं रकाना कोरा ठेवला.

मुलाखती रविवारी अकराला होत्या. आमचं कार्यालय एका छापखान्याच्या माडीवर आहे. भिंतीवर फत्तेसिंगरावांच्या खापरपणज्याचं मोठं तैलचित्र आहे, घोड्यावर बसलेलं. ते सिनेमाचे फलक रंगवणाऱ्याकडून काढून घेतलेलं आहे आणि पूर्वजाचा चेहरा त्या काळच्या एका नटासारखा आला आहे. घोडा चित्रात पांढरा. भाषणात त्याचा रंग दर वर्षी बदलतो, रणधीर हे नाव मात्र कायम असतं. आदल्या वर्षीची मदत फत्तेसिंगरावांच्याच नातवाला, प्रणेशला, मिळाली. तो परदेशात 'इव्हेंट मॅनेजमेंट' शिकतो, म्हणजे समारंभ कसे करायचे ते. हे उच्च शिक्षण आहे का, असं तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण रकाना सातमध्ये रणधीर होता.

टेबलाच्या पलीकडे तिघे बसले होते. मधे फत्तेसिंगराव, म्हैसूर सिल्कचा फेटा बांधून. उजवीकडे येसाजीराव, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून. डावीकडे चिटणीस जगन्नाथराव, जे कधीच काही बोलत नाहीत आणि म्हणून सलग चौथ्यांदा बिनविरोध निवडून आले आहेत. मी कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन. सुष्मा समोर उभी. खुर्ची होती, पण तिच्यावर उपम्याचं पातेलं ठेवलं होतं.

"ही आमची सुष्मा!" फत्तेसिंगराव प्रेमानं म्हणाले. "घरचीच पोर. बस की गं." मग त्यांनी पातेलं पाहिलं आणि पुढे काही बोलले नाहीत.

येसाजीरावांनी अर्ज चाळला. "रकाना सात कोरा का?"

सुष्मानं खरं काय ते सांगितलं. घोडा नव्हता, खापरपणजा सालोत्री होता, दुसऱ्यांच्या घोड्यांच्या जखमा बांधायचा.

"अय्यो," येसाजीराव म्हणाले. "मत्ते, मग काय? बारगीर पण नव्हे! बारगिराला सरकारी का असेना, घोडा तरी होता."

"मामा, सीट महिनाअखेरपर्यंतच आहे," सुष्मा म्हणाली. "नंतर जाईल."

"नियम म्हणजे नियम, पोरी. आणि नर्सिंगमध्ये एम.एस्सी. कसलं? इंजेक्शनच द्यायचं की. डॉक्टर झाली असतीस तर सभेपुढं काहीतरी मांडता आलं असतं." हे बोलताना त्यांनी पाय जरा हलवला, कारण पट्टी सैल वाटत होती. सुष्मानं वाकून ती नीट केली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात फत्तेसिंगराव उठून उभे राहिले. अध्यक्ष उभे राहिले म्हणजे भाषण, आणि भाषण म्हणजे बाकी सगळे गप्प.

"घोडा!" ते म्हणाले. "घोडा म्हणजे काय? घोडा म्हणजे इज्जत! माझे खापरपणजे… रणधीर… पांढरा… नव्हे, काळा… धावत सुटला… तोफा… धूर… धावत सुटला…"

येसाजीरावांनी टाळ्या वाजवल्या. जगन्नाथरावांनीही वाजवल्या. मी इतिवृत्तात शब्दन् शब्द उतरवत होते, कारण त्यांचं भाषण उतरवून घेतलं नाही तर ते रागावतात. त्यांनी टेबलावर बुक्की मारली, मग आणखी एक, तिचा नेम चुकला. आवाज चढला आणि फाटला. येसाजीराव माझ्याकडे वळून म्हणाले, "आज फॉर्मात आहेत."

मग फत्तेसिंगराव समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून लहान पोरासारखे बोलू लागले. "अप्पा, ते घोडा न्यायला आलेत… सरकारी आहे अप्पा, आपला कुठला… देऊन टाका… खोगीर तेवढं आपलं… खोगीर ठेवून घ्या…"

टाळ्या थांबल्या. माझा हात मात्र सवयीनं लिहीतच राहिला.

"मामांना घाम आलाय," सुष्मा म्हणाली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलीही. फेट्याची कड ओली झाली होती, हात थरथरत होते. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, फेटा उतरवला, पिशवीतून छोटं यंत्र काढून बोटाला टोचलं. "अठ्ठेचाळीस. मिस, साखर! तीन चमचे, पाण्यात."

येसाजीराव घाबरून केसरीबाताचा गोळा करून त्यांच्या तोंडात कोंबायला निघाले. सुष्मानं त्यांचा हात धरला. "नको मामा. त्यात तूप आहे, साखर लवकर लागणार नाही. आणि घशात अडकलं तर?" तिनं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, प्रत्येक घोटाला गळ्यावर नजर ठेवून. घड्याळात पंधरा मिनिटं मोजली, पुन्हा टोचलं. ब्याण्णव. मग उपम्याची बशी हातात दिली आणि उपमा संपेपर्यंत समोर उभी राहिली.

"सकाळी इंजेक्शन दिल्यावर तिंडी खाल्ली नव्हती ना मामा?"

"केसरीबात होता ना इथं," फत्तेसिंगराव ओशाळून म्हणाले. न्याहारी टाळून त्यांनी पोटात जागा ठेवली होती, आणि उरलेला वेळ फेटा बांधण्यात गेला होता. "काय झालं मला? मी काही बोललो?"

जगन्नाथराव आपल्या चपलांकडे पाहत होते.

येसाजीरावांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल. पण ते म्हणाले, "बघितलंत अध्यक्ष? हिनं आज तुमचा जीव वाचवला. हिला सगळं येतंय! मग एवढे पैसे घालून आणखी शिकायचं काय राहिलं? साकु की, पुरे झालं. माझी सूचना, अर्ज नामंजूर, आणि दसऱ्याच्या समारंभात सुष्माला शाल आणि नारळ."

डोकं सणकलं माझं. घोडा नाही म्हणून पैसे नाहीत, आणि काम येतं म्हणूनही पैसे नाहीत. काम येत नसतं तर आमचे अध्यक्ष एव्हाना भिंतीवरच्या चित्रात जाऊन बसले असते. सुष्मा यंत्र पुसून पिशवीत ठेवत होती. तिचा चेहरा शांत होता, पण पिशवीची चेन तिला दोनदा लावावी लागली.

"ठरावाआधी इतिवृत्त वाचून दाखवायची पद्धत आहे," मी म्हणाले. अशी पद्धत कधीच नव्हती. "वाचते. 'मा. अध्यक्षांनी पूर्वजाच्या घोड्याविषयी माहिती दिली. ते म्हणाले की, तो घोडा…'"

"मिस, थांबा."

सुष्मा होती. वर्गातसुद्धा ती माझ्याशी कधी अशा आवाजात बोलली नव्हती.

"ते काढून टाका. पेशंट शुद्धीत नसताना बोललेलं बाहेर सांगायचं नसतं."

"अगं, ही काय इस्पितळाची खोली आहे? ही बैठक आहे!"

"तेव्हा ते पेशंट होते मिस. काढा. प्लीज."

तिची फी, तिची दोन वर्षं, त्या दुपारी गेलेल्या माणसासाठी तिला हवे असलेले शब्द, सगळं माझ्या वहीतल्या त्या अडीच ओळींत होतं: अध्यक्षांच्याच घरचा घोडा सरकारी. आणि ते खोडायला तीच मला सांगत होती. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी पेन घेतलं आणि त्या ओळींवर रेघ मारली.

फत्तेसिंगराव आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होते. "मी काय बोललो गं?" त्यांनी सुष्माला विचारलं.

"काही नाही मामा. शुगर कमी झाली होती."

पण माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, मूर्ख नाही. त्यांनी जगन्नाथरावांच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ भिंतीवरच्या रणधीरकडे. बशीतला उपमा गार झाला.

"येसाजीराव," शेवटी ते म्हणाले, "सालोत्री म्हणजे काय हो? सगळ्या पलटणीचे घोडे त्याच्या हाताखालून जायचे. चारशे घोडे! ज्याच्या हाताखाली चारशे घोडे, त्याच्याकडं घोडा नव्हता असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

"पण स्वतःचा…"

"चारशे!" फत्तेसिंगरावांनी टेबलावर बुक्की मारली. या खेपेला नेम बरोबर लागला. "नर्मदक्का, लिहा. अर्ज मंजूर. फी पूर्ण."

मी लिहिलं. चेक येसाजीरावांनी तिथल्या तिथे फाडला, पण हात जड झाल्यासारखा. सोमवारी सकाळी सुष्मानं फी भरली. त्याआधी सात वाजता ती नेहमीप्रमाणे फत्तेसिंगरावांकडे जाऊन आली, आणि त्यांनी इडली संपवेपर्यंत तिथून हलली नाही.

दसऱ्याचा समारंभ झाला. आमच्या पद्धतीप्रमाणे सुष्माला फेटा बांधला आणि हातात तलवार दिली. ती तलवार नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडची. फत्तेसिंगराव पाऊण तास बोलले. आता सुष्माच्या खापरपणज्याचे चारशे घोडे झाले आहेत, त्यातला एक पांढरा आहे, त्याला नावही मिळालं आहे, आणि निधीनं 'आपल्या शूर लेकीला स्वतःहून शोधून काढलं' असं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं. भाषण चालू असताना सुष्मा तलवार काखेत धरून त्यांच्या कपाळावरच्या घामाकडे बघत होती. शेवटी तिनं वाकून हळूच विचारलं, "मामा, तिंडी झाली ना?" ते माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

सुष्माचं पहिलं वर्ष आता संपत आलंय. दुसऱ्या वर्षाच्या फीचा अर्ज आम्ही परवा भरला. येसाजीराव कालपासून फोनवर सांगत फिरताहेत की मदत एकदाच द्यायची अशी प्रथा आहे, आणि सालोत्र्याचा प्रश्न नव्यानं विचारात घ्यायला हवा. फत्तेसिंगराव यावर अजून काही बोललेले नाहीत.

वही माझ्याकडेच असते. त्या ओळींवर मी रेघ मारली आहे, पण एकच, आणि तीही पेन्सिलीची असावी तितकी बारीक, खालचं अक्षर स्वच्छ वाचता येईल अशी. पेशंटचं बोलणं बाहेर न सांगण्याची शपथ सुष्मानं घेतलेली आहे. मी घेतलेली नाही. मी गणित शिकवायचे.